स्मरणशक्तीचा मोबाईल गेम आणि मागावरची आज्जी : एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातल्या आज्जी बेळगावच्या वडगाव भागातल्या. सत्तरी ओलांडलेली, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, बीपीची गोळी चालू, शुगर नाही. लग्न होऊन आल्यापासून घरात मागच. आधी हातमाग, मग पॉवरलूम. पुढच्या खोलीत माग, मागे स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या. वडगाव, शहापूर, खासबाग भागात अशी घरं कितीतरी सापडतील. आज्जींनी माग चालवला, तुटलेली तार सांधली, आणि गुडघे बोलायला लागल्यावर त्या कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या छोट्या नळ्या, भरायच्या कामाला बसल्या. मी फिजिओथेरपिस्ट. उंबऱ्याला ठेचकाळून त्या पडल्या, मोडतोड काही झाली नव्हती, पण घरच्यांनी मला बोलावलं. विसरण्याचा विषय निघाला तो नंतर, चहा पिताना. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तक्रार काय होती

मुलाचं म्हणणं साधं होतं: आईच्या लक्षात राहत नाही. सुनेने उदाहरणं दिली. सात कांड्या मागितल्या तर आठ आणून ठेवतात. कोपऱ्यावरच्या दुकानात पंचवीस रुपये झाले तर पस्तीस देऊन येतात. सकाळी सांगितलेलं दुपारी पुन्हा विचारतात. "आत्या, आताच सांगितलं की!" हे वाक्य त्या घरात दिवसातून किती वेळा म्हटलं जात असेल, कोण जाणे. आणि या वाक्याला आज्जींचं उत्तर ठरलेलं: "व्हय, व्हय." मान डोलवायची आणि गप्प बसायचं.

घरच्यांच्या मनात कोणता शब्द होता ते उघड होतं, फक्त कुणी उच्चारत नव्हतं. भीती अगदीच निराधार नव्हे. साठीपुढच्या भारतीयांमध्ये डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, प्रमाण सुमारे ७.४ टक्के असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं. पण माझ्या डोक्यात खटकत होतं ते निराळंच. याच आज्जी गल्लीतल्या बायकांच्या भिशीचा हिशेब तोंडी सांभाळतात. कुणाचे पैसे आले, कुणाचे राहिले, मागच्या खेपेला नंबर कुणाला लागला, सगळं बिनचूक. वडगावच्या मंगाई देवीच्या जत्रेला कुठल्या पाहुण्यांनी काय आणलं होतं तेही सांगतात. घराचा रस्ता चुकलेला नाही, गॅस चालू राहिलेला नाही, माणसं ओळखण्यात गडबड नाही. स्मरण गळायला लागलं की ते असं निवडून गळत नाही. कांड्यांचा आकडा तेवढा विसरायचा आणि भिशीचे आकडे शाबूत, हे जमत नव्हतं.

खेळ

नातू कॉलेजात. त्याने माझ्या आधीच उपाय शोधून ठेवला होता: अंग हलवून खेळायचा, स्मरणशक्तीचा व्यायाम देणारा एक मोबाईल गेम. स्टुलावर फोन उभा करायचा, समोरचा कॅमेरा आपल्याला बघतो. स्क्रीनवर चार रंगांचे चौकोन. आधी एक चौकोन उजळतो, त्या दिशेला पाऊल टाकायचं. मग दोन, मग तीन. प्रत्येक फेरीला क्रम एकेकाने लांबतो, आणि तो पहिल्यापासून पायांनी करून दाखवायचा. कल्पना जुनीच आहे. १९७८ साली अमेरिकेत 'सायमन' नावाचं चार रंगीत बटणांचं खेळणं आलं, त्याचाच हा पायांनी खेळायचा अवतार. त्याच्याही आधी, १९७२ मध्ये, कॅनडात कोर्सी नावाच्या संशोधकाने नऊ ठोकळ्यांची चाचणी बसवली: परीक्षक ठोकळ्यांवर ज्या क्रमाने बोट ठेवेल त्याच क्रमाने आपण ठेवायचं. धडधाकट माणूस पाच-सहा ठोकळ्यांपर्यंत जातो. हे पाहण्याचं आणि जागेचं स्मरण. ऐकलेले आकडे परत म्हणून दाखवण्याचं स्मरण वेगळं मोजतात. हा फरक पुढे फार कामाला आला.

जाहिरातीत अर्थातच विसराळूपणा पळवून लावण्याची भाषा होती. अशा दाव्यांकडे मी जरा तिरक्या नजरेनेच बघते. मेंदूच्या खेळांमधलं सर्वांत गाजलेलं नाव म्हणजे ल्युमॉसिटी. म्हातारपणीची स्मरणाची घसरण रोखता येते अशा अर्थाच्या जाहिरातींना पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता म्हणून २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत त्या कंपनीला वीस लाख डॉलर भरावे लागले. तरी मी नातवाला नको म्हटलं नाही. आज्जींना गुडघ्याचे व्यायाम कंटाळवाणे वाटत होते, आणि बाजूला पाऊल टाकून वजन त्या पायावर घेणं हा तोल सुधारण्याचा चांगलाच व्यायाम आहे. नातवाबरोबर खेळायचं म्हटल्यावर त्या लगेच उठल्या. मला तेवढं पुरे होतं.

पहिला घोळ लुगड्याने घातला. असले गेम कॅमेऱ्यातून खांदे, कोपर, कंबर, गुडघे, घोटे असे बिंदू ओळखतात आणि त्यांची जागा बदलली की पाऊल पडलं असं समजतात. आज्जींचे घोटे निऱ्यांखाली. फोनला वाटायचं बाई उभीच आहे. "आज्जे, पाय उचल की गे!" नातू ओरडायचा, आणि त्या बिचाऱ्या पाय उचलतच होत्या. शेवटी निऱ्या वर खोचल्या, पदर कमरेला बांधला, अगदी अंगण सारवायला बसल्यासारख्या तयार झाल्या, तेव्हा कुठे फोनला पाय दिसले. गेममध्ये दुसरी सोयही होती, फोन कमरेला बांधून खेळायची. तिथे कॅमेरा नको, फोनमधलाच सेन्सर हालचाल मोजतो. पण नातवाचा जुना फोन स्वस्तातला, त्यात गिरकी मोजणारा जायरोस्कोप नव्हता. पुढे-मागे कळायचं, वळलेलं कळायचं नाही. ती सोय आम्ही सोडून दिली.

दुसरा घोळ मागांचा. माग चालू असताना त्या घरात कुणालाच काही ऐकू येत नाही. लाईट गेली की माग थांबतात आणि घर शांत होतं, पण तेव्हा खोलीत अंधार आणि कॅमेरा आंधळा. म्हणून दिवसा, लाईट गेलेल्या वेळी, दाराजवळच्या उजेडात खेळायचं ठरलं. जमिनीवर खडूने चार चौकोन आखले, एका बाजूला पाठीची भक्कम खुर्ची, दुसऱ्या बाजूला नातू. मागे टाकायचं पाऊल मी सुरुवातीला बंद ठेवलं. नुकत्याच पडलेल्या माणसाला न बघता मागे जायला लावायचं नसतं.

आकडे जुळेनात

चित्र बघून खेळताना आज्जी पहिल्याच बैठकीत चार पावलांच्या क्रमापर्यंत गेल्या, लवकरच पाचपर्यंत. त्यांच्या वयाला हे उत्तम. क्रम पाच पावलांचा झाला की मात्र त्या जागीच थांबायच्या, ओठ हलायचे, क्रम मनात घोकून झाला की मगच पाय निघायचे. ही गोष्ट मी वहीत ठळक लिहून ठेवली. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं की चालता-चालता कुणी बोलायला लागलं की ज्या वृद्धांची पावलं थांबतात, ते पुढे पडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. डोकं आणि पाय एकाच वेळी चालवायला त्यांना जड जातं. आज्जी उंबऱ्याला कशा ठेचकाळल्या ते विचारलं, तर सून हाक मारत होती आणि त्या उत्तर देत देत येत होत्या.

याच गेममध्ये आवाजाचा टप्पा आहे. चौकोन उजळत नाहीत, एक बाई हिंदीत दिशा सांगते, तुम्ही क्रमाने पावलं टाकायची. तिथे आज्जी दोनवरच कोसळल्या. कधी पहिलंच पाऊल चुकायचं. एकाच बाईचं स्मरण चित्रांसाठी पाच आणि आवाजासाठी दोन, हे फारच मोठं अंतर झालं.

सून म्हणाली, हिंदीमुळे. शक्य होतं. आज्जी घरात मराठी, सुताच्या व्यापाऱ्याकडे कन्नड. हिंदी फक्त टीव्हीवर. म्हणून माग बंद असलेल्या एका दिवशी आम्ही फोन बाजूला ठेवला. नातू आज्जींच्या पाठीमागे उभा राहिला आणि नेहमीच्या आवाजात मराठीत सांगू लागला: पुढं, डावीकडं, उजवीकडं. पुन्हा दोनवर गाडी अडली. मग तो समोर आला. तोच आवाज, तेच अंतर, तेच शब्द. आज्जी थेट चारपर्यंत गेल्या. नातू हुशार; मी काही सांगायच्या आत त्याने खांद्यावरचा टॉवेल तोंडासमोर धरला आणि पुन्हा म्हटलं. आज्जींचा चेहरा पडला. "काय म्हटलास रे?"

त्या ओठ वाचत होत्या. किती वर्षं वाचत होत्या, त्यांनाही माहीत नव्हतं.

कान

शहरातल्या एका रुग्णालयात ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाली. दोन्ही कानांत उंच पट्टीचे आवाज खालावलेले, चार हजार हर्ट्झच्या आसपास सर्वांत खोल खड्डा. कायमच्या गोंगाटात काम केलेल्या माणसाचा आलेख असाच दिसतो. वयाने कान जातात ते वेगळंच, आणि दोन्हींचा वाटा किती हे एका कागदावरून सांगता येत नाही. पण जन्म मागाशेजारी गेलेला असताना मागाला सोडून देता येणार नाही. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज कानावर पडत असेल तर कान जपायला हवेत, असा सर्वसाधारण नियम आहे. पॉवरलूमच्या खोलीत आवाज नव्वदच्या वर सहज जातो.

उंच पट्टी गेली म्हणजे माणूस बहिरा होत नाही. स्वर ऐकू येतात, आवाज आला हे कळतं, हाक कळते. हरवतात ती धारदार व्यंजनं, त्यातही 'स'. आता सुनेची तक्रार परत वाचा. सात आणि आठ. 'स' काढून घ्या आणि मागाच्या खडखडाटात म्हणून बघा. पंचवीस आणि पस्तीसचंही तेच. दुकानदार बरण्यांच्या मागे खाली मान घालून बोलणारा, ओठ दिसायची सोयच नाही. आज्जी आकडा विसरत नव्हत्या. जो आकडा त्यांच्या कानापर्यंत पोचला होता तो त्या चोख लक्षात ठेवत होत्या. सकाळचं दुपारी पुन्हा विचारण्याचाही उलगडा झाला: सकाळी अर्धंच ऐकू आलेलं असायचं, "व्हय" म्हणून वेळ मारून न्यायची, आणि दुपारी गरज पडली की विचारावं लागायचं.

भिशी बिनचूक का, हेही यातच आलं. भिशीच्या बायका समोरासमोर बसतात, नोटा हातात मोजतात.

ऐकू कमी येणं आणि डिमेन्शिया यांचा संबंध जुळवून झालेला आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली, त्यांत श्रवणदोष मोठ्या कारणांपैकी एक. कानाची मशीन (श्रवणयंत्र) लावल्याने मेंदूची घसरण थांबते का, याचं उत्तर मात्र सरळ नाही. अमेरिकेत ९७७ वृद्धांवर झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षांनी सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. मुलाने विचारल्यावर मी त्याला हेच सांगितलं, आणि हेही सांगितलं की आईला घरात बोलणं कळावं एवढ्यासाठी मशीन घेतली तरी ती वसूल आहे. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं. या घराला ती लागू नव्हती, त्यांनी मशीन विकत घेतली.

मग खेळाने काय केलं?

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. मशीन कानात आल्यावर महिन्याभरात कांड्यांचे घोळ जवळजवळ थांबले, दुकानातले कमी झाले, आणि श्रेय मोबाईलला मिळालं. दोन शेजारणी फोन घेऊन माझ्याकडे आल्या, "तो मेमरीचा गेम घालून द्या की" म्हणून.

स्कोअर वाढला होता हे खरं. आज्जी सहा पावलांपर्यंत जाऊ लागल्या, एखाद्या वेळी सात. पण हे स्मरण वाढलं का हा खेळ अंगवळणी पडला? तपासायला सोपी युक्ती केली: फोन समोरच्या भिंतीवरून बाजूच्या भिंतीला नेला, आणि सेटिंगमध्ये रंगांच्या जागा बदलल्या. स्कोअर पुन्हा चारवर आला. म्हणजे बराच भाग सवयीचा होता. सवयीचं स्मरण ही वेगळी गोष्ट आहे आणि ती फार चिवट असते. १९५३ मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नवीन काहीच लक्षात न राहणारा एक अमेरिकन रुग्ण एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्याला आरशात बघून चित्र गिरवायला दिलं तर तो दिवसेंदिवस सफाईने गिरवू लागला, आणि दर वेळी म्हणायचा की हे मी पहिल्यांदाच करतोय. आज्जी आजही तुटलेली तार न बघता सांधतात. बोटं दोन धागे पकडतात, एक पीळ, एक फास, झालं. काय केलंस म्हणून विचारलं तर त्यांना सांगता येत नाही, पुन्हा करूनच दाखवावं लागतं. गेममधली पावलंही त्याच कप्प्यात जाऊन बसत होती.

आणि ज्या गोष्टी त्या खरोखर विसरत होत्या, त्या विसरतच राहिल्या. चष्मा कुठे ठेवला, मिसरीची डबी कुठे गेली. ठेवताना लक्ष नसतं म्हणून ते सापडत नाही. पावलांचा क्रम घोकून त्यात काही फरक पडण्याचं कारणच नाही.

इथे गल्लीतल्या एका जाणत्या काकूंचं मत नोंदवते, कारण ते सगळीकडे ऐकू येतं: आमच्या जिबलीत, झिम्म्यात हे सगळं होतं, मोबाईल कशाला? मला हे पटत नाही. जिबलीत तोल आहे, उडी आहे, पण लक्षात ठेवायला आहेच काय, घरं समोर आखलेलीच असतात. झिम्म्यात क्रम आहे, पण तो गाणं सांभाळतं, शेजारीण सांभाळते. तुम्ही चुकलात तरी घेर तुम्हाला ओढून नेतो. बायकांना एकत्र आणण्यात त्याला तोड नाही. पण दर वेळी एकच पाऊल वाढवत नेमकं कुठे अडतंय ते दाखवणं, आणि चित्राचं वेगळं, आवाजाचं वेगळं मोजून ठेवणं, हे त्या फोनने केलं. तो नसता तर मी गुडघ्यांवर काम करून निघून गेले असते आणि "व्हय, व्हय" चालूच राहिलं असतं. त्या गेमच्या कर्त्यांना हा उपयोग बहुधा अभिप्रेतही नसेल.

हालचाल आणि स्मरण यांचं नातं खोटं आहे असं मात्र नव्हे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० वृद्धांपैकी वर्षभर नियमित चालणाऱ्या गटात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या स्मरणाच्या भागाचा आकार सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला दिसला. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत तसं दिसलं नाही, तरी आज्जींच्या रोजच्या वेळापत्रकात मी गेमपेक्षा चालण्याला जास्त जागा दिली. आणि दुसरी एक गोष्ट, जिला फोन लागत नाही. ऐकलेलं काम हातांनी करून दाखवलं तर नुसतं ऐकल्यापेक्षा चांगलं लक्षात राहतं. १९८० च्या दशकापासून हे प्रयोगांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. दुकानात जाण्याआधी आज्जी आता यादी तोंडाने घोकत नाहीत. चिंच म्हटली की हाताने कोळतात, तेल म्हटलं की ओततात, गूळ म्हटला की ठेचतात. सून पहिल्यांदा हसली. आता तीच समोर उभी राहून, आज्जींना ओठ दिसतील अशी, यादी सांगते आणि त्यांचे हात बघते. एखादा हात चुकला तर तिथेच कळतं की ऐकू आलेलं नाही.

गेम बंद केलेला नाही. बोलता-बोलता चालण्याचा सराव म्हणून मी तो उलटा वापरते: क्रम सोपा ठेवायचा, दोन-तीन पावलांचाच, आणि पावलं चालू असताना नातवाने गप्पा मारायच्या. थांबायचं नाही, एवढाच नियम.

शिल्लक

मशीन मागाच्या खोलीत घालायची नाही, कारण ती खडखडाटही मोठा करून देते. तिथे जाताना मशीन काढून डबीत, कानात बोळा. डबी हरवू नये म्हणून ती कांड्यांच्या टोपलीशेजारी, कायम एकाच जागी.

मुलाचीही ऑडिओमेट्री करून घेतली. वय चाळिशीच्या आत-बाहेर. चार हजार हर्ट्झला खड्डा पडायला सुरुवात झाली आहे, बोलणं समजण्यात अजून अडचण नाही. त्याला इअरप्लग दिले. त्याने काही दिवस घातले आणि काढून ठेवले. त्याचं कारण विचार करण्यासारखं आहे: माग बिघडतोय हे त्याला डोळ्यांआधी कानाने कळतं. धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा भाग, नीट जात नसेल तर ठोक्याचा आवाज बदलतो, आणि प्लग घातल्यावर तो बदल त्याला लागत नाही. साडीत दोष जातो, मजुरी कापली जाते. सध्या एक मधला मार्ग चालवून बघतो आहोत. नवीन बीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ) लावल्यावर पहिला थोडा वेळ बिनप्लग, सूर नीट लागला की प्लग, आणि दर वर्षी मंगाईच्या जत्रेनंतर दोघांचीही कानाची तपासणी. सून अजून तपासायला तयार नाही. तिचं म्हणणं, मला सगळं ऐकू येतं.